१० ते १४ वयाच्या निरोगी मुलांची स्पायरोमेट्री: थीसिस घेण्याआधी

स्पायरोमेट्रीने, म्हणजे मशीनमध्ये जोरात फुंकायला लावून हवा मोजून, मराठवाड्यातल्या शाळकरी मुलांच्या फुफ्फुसांची नॉर्मल मूल्यं काढायची असतील, तर आधी मशीन बाजूला ठेवा आणि 'निरोगी कोण' हे कागदावर पक्कं करा. दमा, टीबी, जन्मजात हृदयविकार, छातीची वाकडी ठेवण किंवा घरघरीचा इतिहास असलेलं मूल वगळा. सर्दी-खोकला होऊन गेला असेल तर तीन आठवडे थांबा. पण चुलीच्या घरातलं आणि किरकोळ अंगाचं प्रत्येक मूल काढून टाकलंत, तर तुमचं नॉर्मल गावाचं राहत नाही. पऱ्हाट्या, गोवऱ्या की गॅस, घरात बिडी कोण ओढतं, हे नोंदवा आणि त्याचा परिणाम विश्लेषणात पाहा. ओपीडीत आलेल्या पेशंटची भावंडं सोयीची म्हणून घेऊ नका. शाळेच्या हजेरीपटावरूनच निवड करा.

वेळापत्रकही निवडीचाच भाग आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कुटुंबं बाहेर पडतात आणि कित्येक मुलं थेट मार्च-एप्रिलला परततात. मोजणी जानेवारीत ठेवली तर बीड-धाराशिवकडची ही मुलं नमुन्यातून आपोआप गळतात. कारखाने सुरू होण्याआधी काम उरका. त्यासाठी एथिक्स कमिटीची मंजुरी उन्हाळ्यातच हवी. पालकांची संमती सगळ्यांचीच लागते. शिवाय १२ वर्षांपर्यंत मुलाचा तोंडी होकार आणि त्यापुढे लेखी.

वयात मोठी गफलत होते. शाळेच्या दाखल्यावर १ जून ही तारीख दिसली की थांबा. ती अनेकदा प्रवेशाच्या वेळी सोयीने टाकलेली असते. जन्मदाखला किंवा लसीकरणाचं कार्ड मागा आणि वय दशांशात लिहा, जसं १२.४. उंची अनवाणी, टाचा भिंतीला, नजर समोर, ०.१ सेंमीपर्यंत. बसलेली उंचीही घ्या. या वयात पाय आधी लांबतात, छाती मागून वाढते. म्हणून एकाच उंचीच्या दोन मुलांची एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोरात बाहेर टाकलेली एकूण हवा) बरीच वेगळी येऊ शकते. मुलींची वाढ लवकर सुरू होते, त्यामुळे वय-उंचीवरून नॉर्मल मूल्य सांगणारी समीकरणं मुलामुलींची स्वतंत्र.

रोज सकाळी ३ लिटरच्या सिरिंजने मशीन तपासा, हळू, मध्यम आणि जोरात ढकलून. फरक ±३ टक्क्यांच्या आत हवा. खोलीचं तापमान त्या वेळचंच भरा. पत्र्याच्या वर्गात सकाळ आणि दुपार एक नसते. खिचडीच्या सुट्टीनंतर किंवा खेळाच्या तासानंतर लगेच मूल बसवू नका.

मुलाला पाठ टेकायला खुर्ची द्या, बाक नको. नाकाला क्लिप, पट्टा सैल, प्रत्येकाला नवा फिल्टर. समजावताना फुंकणीची उपमा टाळा. फुंकणीत हवा जपून सोडतात, इथे पहिलाच झटका जोराचा हवा. सुरुवात रेंगाळली, म्हणजे खरा झटका बसण्याआधीच सुटलेली हवा (मशीन आलेखावरून मागे जाऊन काढतं ते आकारमान) एफव्हीसीच्या ५ टक्के किंवा १०० मिली यांतल्या मोठ्या आकड्यापुढे गेली, की तो प्रयत्न बाद. जीभ नळीत येणं, ओठाच्या कडेने हवा सुटणं, पहिल्या सेकंदात खोकला हे नेहमीचे दोष. मात्र सहा सेकंद फुंकलं नाही म्हणून मूल बाद करू नका. या वयात फुफ्फुस लवकर रिकामं होतं. शेवटच्या सेकंदात २५ मिलीपेक्षा कमी बदल असेल तर चालतं. तीन चांगले प्रयत्न हवेत, त्यांतल्या सर्वोत्तम दोघांत एफव्हीसी आणि एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा) यांचा फरक १५० मिलीच्या आत. आठ प्रयत्नांनंतर थांबा. मूल दमलेलं असतं.

तयार जागतिक समीकरणं इथे लागू पडतात का, एवढंच तपासायचं असेल तरी निदान १५० मुलगे आणि १५० मुली लागतात. झेड-स्कोअरची (मुलाचा आकडा अपेक्षित मूल्यापासून किती प्रमाण विचलनं दूर आहे त्याची) सरासरी शून्याजवळ आणि विखुरणं (प्रमाण विचलन) १ च्या आसपास आलं तर ती बसतात. 'अपेक्षित मूल्याच्या ८० टक्क्यांखाली म्हणजे आजार' हा जुना ठोकताळा सोडा. खालची मर्यादा झेड −१.६४५ ला धरा.

आणि आकडा कमी आला म्हणून कुणाला यादीतून काढू नका. या मर्यादेखाली निरोगी मुलांपैकी ५ टक्के असणारच. त्यांना गाळलं की मर्यादा खोटीच वर सरकते. वगळायचं ते फुंकण्याआधी, प्रश्नावलीवरून. कमी आकड्याच्या मुलाच्या पालकांना मात्र चिठ्ठी द्या आणि छातीच्या डॉक्टरांकडे तपासणी ठरवून द्या.