पानातला स्टार्च आयोडीनने तपासायचाय? आधी हिरवा रंग पूर्ण काढा

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की माझ्या क्लासच्या मुलांची आणि त्यांच्या पालकांची एकच तक्रार असते: “पानावर आयोडीन टाकलं, पण निळं झालंच नाही.” पानात स्टार्च असेल तिथे आयोडीनने निळा-काळा रंग यायला हवा. तो आला नाही, तर यात आयोडीनचा दोष जवळपास कधीच नसतो. पानातलं हरितद्रव्य अर्धवट निघालेलं असतं, नाहीतर पान गरम असतं. पुस्तकात मात्र हरितद्रव्य काढायची ही पायरी “पान अल्कोहोलमध्ये उकळा” एवढ्या एका वाक्यात उरकलेली असते. ते वाक्य अपुरं आहे आणि घरच्या स्वयंपाकघरात धोक्याचंही आहे.

आधी सोपं सोपं उरकून घेऊ.

पान पातळ हवं. हिरवा-पांढरा कोलियस (रंगीत पानांचं शोभेचं झाड) सर्वांत उत्तम, नसेल तर जास्वंद. मनीप्लांट चालतो, पण पान जाड आणि मेणचट असल्यामुळे वेळ दुप्पट लागतो. लालभडक कोलियस पहिल्या प्रयोगाला घेऊ नका. कांद्याची पात तर अजिबात नको, ती स्टार्चऐवजी साखर साठवते.

कुंडी दोन-तीन दिवस कपाटात किंवा अंधाऱ्या खोलीत ठेवा, म्हणजे पानातला जुना स्टार्च संपतो. मग पाच-सहा तास उन्हात. आमच्या ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये ऊन बाल्कनीत किती वाजता येतं ते आदल्या दिवशीच बघून ठेवा. पावसाळ्यात चार दिवस आभाळ भरलेलं असेल तर थांबा, घाई करून उपयोग नाही. पान दुपारी उशिरा तोडा. दिवसभर साठलेला स्टार्च झाड रात्री वापरून टाकतं, त्यामुळे सकाळी तोडलेलं पान फसवतं. तोडल्याबरोबर कागदावर पानाची बाह्यरेषा काढून हिरवे आणि पांढरे भाग आखून ठेवा. पुढे पान रंगहीन होणार आहे, तेव्हा हा नकाशा नसेल तर निष्कर्ष कशावरून काढणार?

पान उकळत्या पाण्यात एक मिनिट बुडवा. पेशी मरतात, त्यांची पटलं फाटतात आणि पुढे स्पिरिटला, म्हणजे अल्कोहोलला, आत शिरायला वाट मिळते. पान लिबलिबीत झालं की गॅस बंद करा. पुढच्या कामात तो लागणार नाही.

आता खरं काम: हिरवा रंग काढणं.

हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. औषधाच्या दुकानातून सर्जिकल स्पिरिट आणा. सॅनिटायझरचं जेल आणू नका, त्यातल्या चिकट पदार्थामुळे पान माखून बसतं. सत्तर टक्क्यांचं स्पिरिट चालतं, फक्त वेळ जास्त लागतो.

माझं ठाम मत आहे की घरी हे काम ज्योतीवर करायचंच नाही. “वॉटर बाथ वापरा, म्हणजे सुरक्षित” असं सगळे सांगतात, म्हणजे स्पिरिटचं भांडं गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायचं, पण त्या वॉटर बाथखाली गॅस पेटलेला असेल तर कसली सुरक्षितता? शुद्ध इथेनॉलची वाफ साधारण 13 अंश सेल्सिअसलाही ठिणगी मिळाली की पेटू शकते आणि ठाण्यात थंडीतसुद्धा पारा क्वचितच तिथवर उतरतो. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, ओट्यावरून सरपटत शेगडीपर्यंत पोहोचते. स्पिरिटची ज्योत दिवसाउजेडी धड दिसतही नाही. म्हणून ही पायरी मोठ्या माणसानेच करायची, स्वयंपाकघराबाहेर, खिडक्या उघड्या ठेवून. देवघरातली समई, उदबत्ती, मच्छर अगरबत्ती, सगळं विझवायचं.

पद्धत अशी. विजेच्या किटलीत पाणी उकळा आणि ते एका खोलगट पातेल्यात ओतून दुसऱ्या खोलीत न्या. लहान चंचुपात्रात (बीकरमध्ये) पान ठेवून ते जेमतेम बुडेल इतकंच, तीस-चाळीस मिलिलिटर स्पिरिट घाला आणि चंचुपात्र त्या गरम पाण्यात उभं करा. साधा पेला वापरू नका, तडकतो. इथेनॉल 78 अंशांना उकळतं, त्यामुळे नुकत्या उकळलेल्या पाण्यात त्याला बारीक बुडबुडे येऊ लागतात. ते दिसले म्हणजे काम सुरू झालं. वरून बशी नुसती टेकवून ठेवा, घट्ट झाकण लावू नका.

पाच मिनिटांत स्पिरिट गडद हिरवं होतं आणि इथेच बहुतेक जण फसतात. स्पिरिट हिरवं झालं म्हणजे पानातलं सगळं निघालं, असं समजून पान बाहेर काढतात. चिमट्याने पान उचलून पांढऱ्या बशीवर ठेवा आणि शिरांच्या कडेला बघा. तिथे पोपटी झाक राहिलेली असते. ही झाक निळ्याखाली दडते आणि शेवटी सगळं पान एकसारखं काळपट दिसतं. त्यामुळे पहिलं स्पिरिट ओतून ताजं घाला, पातेल्यातलं पाणीही बदला. कोलियसला असे दोन फेरे पुरतात, मनीप्लांटला तीन. पान मळकट पिवळसर पांढरं झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

रंग गेलेलं पान कडक होतं, हात लागला तर तुकडे पडतात. ते कोमट पाण्यात अर्धा मिनिट सोडा, पुन्हा मऊ पडतं आणि स्पिरिटही धुऊन जातं. मग गार पाण्यात टाका. हे गार करणं चुकवू नका.

कारण आयोडीनच्या रंगाचं सगळं गणित आकारावर आहे. स्टार्चमधल्या अमायलोजची साखळी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. आयोडीनचे आयन त्या पोकळीत रांगेने शिरतात आणि निळा-काळा रंग दिसतो. उष्णतेने ही गुंडाळी सैल पडते, आयोडीन बाहेर निसटतं, रंग जातो. गार झालं की परत येतो. भाताच्या पेजेत दोन थेंब टाकून, गरम करून आणि गार करून मुलांना हे दाखवाच. पानापेक्षा त्यातच मुलं जास्त रमतात.

आयोडीनसाठी स्फटिक शोधत फिरू नका. राखाडी, चकाकणारे ते खडे उघडे ठेवले तर जांभळी, घसा जाळणारी वाफ सोडतात. नुसत्या पाण्यात ते नावालाच विरघळतात, म्हणून प्रयोगशाळेत पोटॅशियम आयोडाइड मिसळावं लागतं. घरी पोविडोन आयोडीनचं द्रावण पुरेसं आहे, म्हणजे जखमेवर लावतो ते. मलम नको, साबणवालं स्क्रब नको. 10 टक्क्यांच्या द्रावणात उपयोगी आयोडीन साधारण 1 टक्का असतं. एक चमचा द्रावणात चार चमचे पाणी घालून आधी बटाट्याच्या फोडीवर एक थेंब टाका. फोड निळी-काळी झाली तरच पानाकडे वळा. मिठातलं आयोडीन या कामाचं नाही, ते आयोडेटच्या रूपात असतं आणि स्टार्चला रंग देत नाही.

बशीत पान पसरा, वर द्रावण घाला, तीन-चार मिनिटं थांबा. नंतर पाण्याने धुवा. धुणं टाळलं की हमखास ऐकू येतं, “ताई, सगळंच काळं झालं, म्हणजे आलं ना?” नाही आलं. नुसतं आयोडीन तपकिरी असतं आणि ते साचलं की पांढरा भागही काळपट दिसतो. धुतलेलं पान खिडकीच्या काचेवर चिकटवा आणि मागून येणाऱ्या उजेडात बघा. जिथे हरितद्रव्य होतं तिथे निळा-काळा, जिथे नव्हतं तिथे पिवळट तपकिरी. मध्ये रेघ इतकी स्पष्ट येते की आधी काढलेला नकाशा शेजारी धरला की कडा जुळतात.

बोटांवरचे, ओट्यावरचे डाग क जीवनसत्त्वाची गोळी पाण्यात विरघळवून पुसा, लगेच जातात. मात्र ते पाणी पानाजवळ नेऊ नका, तिथलाही रंग पळेल. वापरलेलं हिरवं स्पिरिट नाव लिहिलेल्या बाटलीत, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. आणि प्रदर्शनाच्या तक्त्यासाठी फोटो त्याच दिवशी काढा. वाळलेल्या पानातलं आयोडीन हळूहळू उडून जातं आणि काही दिवसांत दाखवण्यासारखं फारसं उरत नाही.