फिजिक्स प्रॅक्टिकलचं उत्तर चुकतंय? या चुका टाळा

लॅबमधली सगळ्यात महागात पडणारी चूक उपकरणाची नसते, ती असते उत्तर आधीच ठाऊक असण्याची. ‘जी’ची (गुरुत्व त्वरणाची) किंमत ९.८ यायला हवी हे माहीत असतं, आणि आली १०.९, की लगेच रीडिंग खोडून ९.८ ला जुळतील असे आकडे भरले जातात. म्हणजे चूक कुठे झाली हे जो आकडा सांगत होता तोच गेला! प्लीज असं करू नका.

हे १०.९ च बघा ना. साध्या पेंड्युलमची लांबी १ मीटर असली की एका दोलनाला साधारण २ सेकंद लागतात, २० ला ४०. आता स्टॉपवॉच दाबतानाच ‘एक’ म्हटलं तर ‘वीस’ म्हणेपर्यंत दोलनं १९ च झालेली असतात, वेळ ३८ सेकंदांच्या आसपास येतो, आपण भागतो मात्र २० ने, आणि सूत्रात वेळेचा वर्ग असल्यामुळे ‘जी’ बरोबर १०.९ च्या जवळ जातो. गंमत म्हणजे परत परत रीडिंग घेतलं तरी तेच येणार, कारण दरवेळी मोजायची पद्धत तीच, त्यामुळे सरासरी काढून इथे काहीच सुधारत नाही. सुरुवातीला ‘शून्य’ म्हणा, संपला प्रश्न.

आणि स्टॉपवॉच गोळा मधून जाताना दाबा, टोकाला असताना नको, टोकाला तो रेंगाळतो आणि नेमका कधी वळला ते डोळ्याला कळतच नाही. एकच दोलन मोजायचा आळस पण नको. हात ०.२ सेकंद मागेपुढे झाला तर २ सेकंदांवर ती १० टक्के चूक आहे, म्हणजे ‘जी’मध्ये जवळपास २० टक्के, आणि तेच ४० सेकंदांवर फक्त अर्धा टक्का.

लांबी मोजताना बरेच जण फक्त दोरा मोजतात, हुक आणि गोळ्याची त्रिज्या राहूनच जाते. मोजायचं गोळ्याच्या मध्यापर्यंत. पण समजा राहिलं, तरी वेगवेगळ्या लांब्या घेऊन टी स्क्वेअर (एका दोलनाच्या वेळेचा वर्ग) विरुद्ध लांबी असा ग्राफ काढला असेल तर स्लोपला काही होत नाही, फक्त रेषा ओरिजिनमधून न जाता थोडी वर सरकते. १ सेंटिमीटर कमी मोजलं असेल तर साधारण ०.०४ सेकंद वर्गाने. म्हणून रेषा जबरदस्तीने शून्यातून ओढू नका, आणि स्लोप काढताना दोन बिंदू रेषेवरचे आणि लांब लांबचे घ्या, टेबलमधली दोन रीडिंग उचलून नाही, नाहीतर ग्राफ काढून उपयोग काय झाला?

स्क्रू गेजकडे, म्हणजे बारीक जाडी मोजायच्या उपकरणाकडे वळू. झिरो एरर (जबडे मिटल्यावर शून्याऐवजी दिसणारं रीडिंग) आधी लिहा, चिन्हासकट, आणि ती रीडिंगमधून चिन्हासकटच वजा करायची, म्हणजे एरर निगेटिव्ह असेल तर रीडिंग वाढतं, इथे खूप जण उलटं करतात. घट्ट करताना रॅचेटच (टोकाची टिकटिक करणारी छोटी कळ) फिरवा. पण खरी गोष्ट वेगळीच आहे. यंग्ज मॉड्युलसच्या (तार ताणली जायला किती विरोध करते त्या मापाच्या) प्रयोगात तार ०.५० मिलिमीटर जाडीची असली आणि लीस्ट काउंट (उपकरण मोजू शकतं ते सगळ्यात लहान माप) ०.०१ मिलिमीटर असला, तर नुसत्या जाडीतच २ टक्के अनिश्चितता आली, आणि सूत्रात जाडीचा वर्ग आहे म्हणून ती ४ टक्के होते. तारेची लांबी मीटरपट्टीने मिलिमीटरपर्यंत मोजताना आपण घाम गाळतो आणि जाडी एकदाच घेऊन मोकळे होतो! जाडी चार-पाच ठिकाणी घ्या, प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा. जास्त मेहनत कुठे घ्यायची ते सूत्रच सांगतं.

स्पेक्ट्रोमीटरमध्ये (प्रकाशकिरणांचे कोन मोजायचं उपकरण) उत्तर बरोब्बर ३० मिनिटांनी, म्हणजे अर्ध्या अंशाने चुकत असेल तर मेन स्केलवरचा अर्ध्या अंशाचा भाग वाचायचा राहिलाय. ३५५ अंशांवरून शून्य ओलांडून १० वर आलात तर फरक १५ अंश, ३४५ नाही.

मल्टीमीटरचं थोडक्यात: करंट मोजून झाला की वायर लगेच करंटच्या सॉकेटमधून काढा. तशीच राहिली आणि व्होल्टेज मोजायला गेलात तर ते सरळ शॉर्ट सर्किट, फ्यूज उडालाच समजा. रेझिस्टन्स मोजताना सप्लाय बंद.

भौतिकशास्त्रज्ञ मिलिकनने हवेतून पडणाऱ्या तेलाच्या थेंबांच्या प्रयोगातून १९१३ मध्ये इलेक्ट्रॉनच्या चार्जचा जो आकडा दिला तो आजच्या किमतीपेक्षा सुमारे ०.६ टक्के कमी होता. मुख्य कारण सापडलं ते हवेच्या व्हिस्कॉसिटीत (चिकटपणात), त्यासाठी घेतलेला आकडाच जरा कमी होता. असं कारण शोधता यायला काय मोजलं, कोणता आकडा कुठून घेतला हे सगळं कागदावर लागतं. म्हणून रीडिंग थेट वहीत, पेनाने. चुकलं तर एक आडवी रेघ मारा, खालचा आकडा दिसला पाहिजे, आणि बाजूला कारण लिहा. निष्कर्षात ‘मानवी चूक’ एवढंच लिहून सोडू नका, कोणती चूक, आणि तिने उत्तर वाढतं की कमी होतं, ते लिहा. ९.७८३४६२ असलं कॅल्क्युलेटरचं उत्तर पण नको, ९.७८ अधिक-उणे ०.०५ असं लिहा, अर्थात तो ०.०५ तुमच्या रीडिंगमधून निघालेला हवा.

आणि निदान एक कच्चं गणित आणि कच्चा ग्राफ उपकरण समोर असतानाच करा, घरी गेल्यावर एखादा बिंदू रेषेबाहेर दिसला तर ते रीडिंग परत घ्यायला पेंड्युलम कुठून आणणार?