मोठ्या पावसानंतर ड्रेनेज लाइन अशी तपासा

परभणीत प्लंबिंगचं काम करतो. आपली जमीन काळी. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. या ओढाताणीत जमिनीखालच्या पाइपाचे जोड निसटतात. म्हणून पाऊस उघडला की दोन दिवसांत बघून घ्या.

आधी पाइप गेलाय त्या रेषेवरून चालत जा. फरशी खचली असेल, माती पायाखाली भुसभुशीत लागत असेल, तर जागा लक्षात ठेवा. मग चेंबरचं झाकण काढून लांब थांबा. आतला वायू जीव घेतो. डोकं आत घालू नका, उतरायचं तर नावच नको.

बादलीभर पाण्यात दोन झाकणं नीळ टाकून मोरीत ओता. चेंबरात निळं पाणी भसकन आलं, तर लाइन मोकळी. रेंगाळलं तर कुठंतरी अडकलंय. निम्मंच आलं तर जमिनीत मुरतंय, आणि सोबत काळी माती आली तर पाइप फुटलाच समजा.

माझ्या आईच्या घरी असंच झालं. खोदलं तर जोडातून लिंबाच्या मुळ्या आत शिरलेल्या, केसांच्या बुचक्यासारख्या.

जवळ बोअर असेल तर पाणी तपासून येईपर्यंत उकळूनच प्या, लेकरांना तर नक्कीच.