सोयाचं दूध चहात फाटू नये म्हणून

गाईचं दूध पचत नाही म्हणून सोयाचं दूध आणलं आणि पहिल्याच चहात त्याचा चोथा झाला, ही तक्रार बऱ्याच घरांत ऐकू येते. दूध खराब नसतं. चहाचा आंबटपणा आणि वर उकळी, दोन्ही एकदम सोसणं सोयाच्या प्रथिनांना जमत नाही. म्हणून आलं, गवती चहा, साखर, चहा पावडर घालून कोरा चहा आधी नीट उकळून घ्या आणि गॅस बंद करून मिनिटभर थांबा. दूध वेगळ्या पातेल्यात कोमट करा, आधी कपात ओता आणि त्यावर बारीक धारेने चहा गाळा. पुन्हा उकळी आणू नका. आणि हो, खोका उघडण्याआधी चांगला हलवा. वरून घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं.

ओटचं दूध चहात सहसा सांभाळून घेतं, पण गोडसर लागतं. बदामाचं चवीला छान, प्रथिनं मात्र नावापुरती. मोठ्या मुलांना रोज द्यायचं तर बिनसाखरेचं, कॅल्शियम घातलेलं सोयाच बरं. वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी यातलं काहीही देऊ नका. नारळाचं दूध सोलकढीलाच शोभतं, चहावर त्याचा नुसता तेलकट तवंग येतो.