गॅस बदलला, ऑइल तेच ठेवलं? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात गुलटेकडीला मार्केट यार्डाजवळ एका कोल्ड रूमचा कॉम्प्रेसर बघायला गेलो होतो. सेमी-हर्मेटिक (बोल्ट खोलून उघडता येणारं) मशीन, पण ऑइलची पातळी दाखवणाऱ्या काचेत ऑइलचा पत्ताच नाही. इव्हॅपोरेटरचा (थंडावा देणाऱ्या कॉइलचा) खालचा जोड सोडला, तर मधासारखं दाट ऑइल ओघळलं. आधीच्या मेकॅनिकने आर-२२ हा थंड करणारा गॅस काढून आर-४०४ए भरला होता, ऑइल मात्र जुनंच मिनरल, म्हणजे खनिज तेलाचं. बेअरिंगं घासून गेली होती.

आर-२२ मध्ये मिनरल ऑइल विरघळतं, म्हणून गॅसबरोबर फिरून परत येतं. १३४ए, ४०४ए, ४०७सी, ४१०ए यांच्यात ते विरघळत नाही. थंड कॉइलमध्ये साचतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. यांना पीओई (पॉलिओल एस्टर, कृत्रिम ऑइल) लागतं. जुन्या मशीनमध्ये हा बदल करताना एकदा ऑइल काढून भागत नाही. पीओई भरा, मशीन चालवा, काढा, पुन्हा भरा. साधारण तीन वेळा. उरलेलं मिनरल ५ टक्क्यांच्या खाली आलं पाहिजे.

दुसरी चूक आपल्या पुण्यात जून ते सप्टेंबर हमखास होते: पीओईचा डबा उघडा ठेवून चहाला जाणं. पीओई हवेतला ओलावा भराभर ओढून घेतं. पुढे त्या पाण्याने ऑइल फुटतं, आम्ल तयार होतं आणि मोटरचं वाइंडिंग जळतं. ‘व्हॅक्युम मारला की झालं’ असं पोरं म्हणतात. ५०० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन हे इथे दाबाचं माप) व्हॅक्युम घ्याच, पण तो पाइपातलं पाणी काढतो. ऑइलमध्ये मुरलेलं सहज निघत नाही. त्यासाठी नवा फिल्टर ड्रायर (ओलावा शोषणारा फिल्टर) लागतो. डबा लहान घ्या, पत्र्याचा घ्या, आणि फोडलेला पुढच्या कामाला ठेवू नका. दीड-दोनशे रुपये वाचवायला जाऊन गिऱ्हाइकाचा कॉम्प्रेसर घालवणं मला पटत नाही.

गाडीच्या एसीत बहुधा पीएजी (पॉलिअल्किलीन ग्लायकॉल, दुसरं कृत्रिम ऑइल) असतं, पण हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत ते घालू नका. तिथे मोटर ऑइलमध्येच बुडालेली असते आणि पीएजीने इन्सुलेशन ढासळतं. कंपनीने सांगितलेलं पीओईच वापरा. अमोनियाच्या प्लांटमध्ये उलट, पीओई अजिबात चालत नाही. आर-६००एच्या (आयसोब्युटेन गॅसच्या) फ्रिजला साधारणपणे मिनरल चालतं. ऑइलचा ग्रेड, म्हणजे दाटपणाचा आकडाही नेमप्लेटवर बघा. ३२च्या जागी ६८ ओतू नका.

काम संपलं की कॉम्प्रेसरवर मार्करने गॅस, ऑइल आणि तारीख लिहा. गुलटेकडीच्या त्या मशीनवर यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं.