जुना पीसी हॉस्टेलच्या लॅनला जोडताना

नवी मुंबईतल्या नेरूळ, खारघर, ऐरोलीच्या हॉस्टेलांत घरचा जुना डेस्कटॉप घेऊन येणारी मुलं आजही बरीच आहेत. कोअर टू ड्युओ किंवा सुरुवातीच्या पिढीचा आय३, २ ते ४ जीबी रॅम, वर विंडोज ७. कोडिंग आणि सबमिशनसाठी हे मशीन अजून छान चालतं. नेट लागलं नाही की मात्र सगळे वयाला दोष देऊन नवा लॅपटॉप बघायला लागतात. अडलेलं असतं बहुधा चारांपैकी एका जागी: केबल, ड्रायव्हर (नेटवर्क कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर), मॅक ॲड्रेस (त्या कार्डाचा ओळख क्रमांक) किंवा घड्याळ. म्हणून खालून वर तपासत जा. आधी तार, मग पोर्टचा दिवा, मग आयपी (नेटवर्कने पीसीला दिलेला पत्ता), सगळ्यात शेवटी लॉगिन. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने सुटलं ते कळणार नाही.

खोलीच्या भिंतीवर आय/ओ बॉक्स (नेटची केबल लावायचा सॉकेट) असेल तर वायफायच्या नादी लागू नका. कॅबिनेट टेबलाखाली, वायफायचं यूएसबी डाँगल त्याच्या मागे, मध्ये पत्रा, आणि २.४ गिगाहर्ट्झवर अख्ख्या मजल्याचे फोन. सिग्नल टिकणार कसा? खोलीत पोर्टच नसेल तर दोन्ही बँडचं डाँगल घ्या, ते एक मीटरच्या यूएसबी एक्स्टेन्शनने टेबलावर आणा आणि ५ गिगाहर्ट्झवर जोडा.

घरून निघण्यापूर्वी

लॅनचा, म्हणजे केबलवरच्या नेटवर्कचा, ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही आणि नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही, या कोंडीत सापडलात तर ॲण्ड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा. पीसीला तेवढ्यापुरतं नेट मिळतं.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या नावात 'फास्ट इथरनेट' किंवा 'एफई' असेल तर ते १०० एमबीपीएसचं, 'जीबीई' किंवा 'गिगाबिट' असेल तर १००० चं. निव्वळ वेगासाठी नवं कार्ड घेऊ नका. हॉस्टेलमध्ये प्रत्येकाच्या वेगाला लावलेली मर्यादा बहुतेक ठिकाणी १०० च्या खालीच असते. कार्ड यादीत दिसतच नसेल तर आधी बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) जाऊन 'ऑनबोर्ड लॅन' बंद तर नाही ना ते पाहा. चालू असूनही दिसत नसेल, तर पोर्ट गेला असं समजा. पावसाळ्यातल्या विजांनी असे पोर्ट जातात.

अशा वेळी दोन पर्याय उरतात. यूएसबी-लॅन ॲडॉप्टर सोपा. रियलटेक ८१५३ किंवा एसिक्स ८८१७९ चिपचा घ्या, दोन्हींना विंडोज ७ चे ड्रायव्हर आहेत आणि लिनक्समध्ये ते आपोआप चालतात. कार्डच बसवायचं असेल तर मदरबोर्डवरचा स्लॉट आधी बघा. बहुधा पांढरा आणि लांब असतो तो पीसीआय, त्याहून बराच छोटा तो पीसीआय एक्स्प्रेस. एकाचं कार्ड दुसऱ्यात बसत नाही. जुने पीसीआय कार्ड हवं असेल तर मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळण्याची शक्यता जास्त. नेरूळ-खारघरहून हार्बरने कुर्ला, तिथून दादर, मग वेस्टर्नची स्लो पकडून ग्रँट रोड. फास्ट तिथे थांबत नाही. स्लॉटचा फोटो सोबत न्या.

कॅबिनेट उघडलंच आहे तर मुख्य वायर काढून, पत्र्याला हात लावून, रॅम आणि कार्डाच्या सोनेरी पट्ट्या स्वच्छ खोडरबरने हलक्या हाताने पुसा आणि रबराचा कीस ब्रशने झाडा. खाडीकाठच्या दमट हवेत या पट्ट्यांवर थर लवकर चढतो. पीसी महिनाभर बंद राहिला की चालूच होत नाही, त्याचं कारण बरेचदा हेच.

केबल

कॅट ५ई पुरेशी, कॅट ६ मिळाली तर उत्तम. तारा शुद्ध तांब्याच्या आहेत ना ते विचारा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण चार वेळा वाकवली की प्लगजवळ आतून तुटते. स्विचपासून पीसीपर्यंतची मर्यादा भिंतीतल्या वायरसकट १०० मीटर असते, त्यामुळे खोलीतली केबल ३ ते ५ मीटरच ठेवा. ती भिंतीच्या कडेने न्या, कॉटच्या पायाखाली येऊ देऊ नका. प्लगची क्लिप तुटलेली केबल फेकून द्या. ती दिवसभर चालते आणि कोणी खुर्ची सरकवली की जाते.

केबलला प्लग स्वतः दाबून बसवणार (क्रिम्प करणार) असाल तर दोन्ही टोकांना एकच क्रम: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. क्लिप खाली, सोनेरी पिना वर आणि प्लगचं तोंड पुढे धरलं की पहिली तार डाव्या हाताला येते. जोड्यांचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उघडू नका आणि बाहेरचं आवरण प्लगच्या आत दाबलं गेलंय का ते बघा.

हिरव्या जोडीतली एक तार तिसऱ्या आणि दुसरी सहाव्या पिनेवर जाते, चुकतं ते इथेच. १०० एमबीपीएसला १, २, ३, ६ या चारच पिना लागतात, गिगाबिटला आठही. म्हणून गिगाबिट कार्ड गिगाबिट स्विचवर १०० वरच अडकत असेल, तर निळ्या किंवा तपकिरी जोडीत खोट आहे का ते पाहा.

केबल लावली की पोर्टचा दिवा लागायला हवा. नाही लागला तर शेजारच्या खोलीतली चालती केबल लावून बघा, मग त्यांचा चालता लॅपटॉप तुमच्या आय/ओला लावा. दोष कोणत्या बाजूला आहे ते पाच मिनिटांत कळतं. दिवा लागतो, पिंग (चाचणीचा छोटा संदेश) जातं, पण डाउनलोड रांगतं, असं असेल तर कार्डाच्या 'स्पीड अँड डुप्लेक्स' सेटिंगमध्ये कोणी तरी '१०० फुल' करून ठेवलेलं असतं. स्विच ऑटोवर असेल तर तो हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेने डेटा) धरतो आणि दोघांची टक्कर होत राहते. पीसीही ऑटोवर ठेवा.

घड्याळ

याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बटण-बॅटरी संपली की प्लग काढल्यावर तारीख मागे जाते, थेट बोर्ड बनला त्या सुमाराच्या वर्षात. लॉगिन पानाचं सर्टिफिकेट (त्याची डिजिटल ओळख) आजचं, पीसीचं वर्ष २००९. ब्राउझर म्हणतो सर्टिफिकेट अजून वैध नाही आणि पान उघडत नाही. मुलं पासवर्ड बदलून मागत बसतात. बॅटरी बदला (३ व्होल्टची, '+' वर), बायोसमध्ये तारीख लावा, विंडोजमध्ये टाइमझोन कोलकाता असल्याची खात्री करा.

सिस्टिम कोणती

विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले आणि क्रोमची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९. सामायिक नेटवर्कवर असं मशीन ठेवणं धोक्याचं आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो फाइल शेअरिंगच्या जुन्या एसएमबी-१ मधल्या भोकातून, आणि त्याचा पॅच मार्चमध्येच आलेला होता. ठाम सल्ला असा: ६४ बिट प्रोसेसर असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाका. तिला किमान २ जीबी रॅम लागते, ४ असेल तर चांगलं. आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह (इन्स्टॉल न करता) चालवून लॅन चालतं का बघा, मगच इन्स्टॉल करा. एखाद्या सॉफ्टवेअरसाठी विंडोज ७ ठेवावंच लागलं तर एसएमबी-१ बंद करा, नेटवर्क 'पब्लिक' निवडा आणि शेअर केलेले फोल्डर काढून टाका.

मॅक आणि आयपी

बऱ्याच हॉस्टेलांत नोंदवलेल्या मॅक ॲड्रेसलाच नेट मिळतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग', स्पेस, स्लॅश, 'ऑल' असं इंग्रजीत टाइप करा आणि 'इथरनेट'खालचा 'फिजिकल ॲड्रेस' उतरवून घ्या. एकूण बारा अक्षरं-अंक असतात. वायफायचा वेगळा, ब्लूटूथचा वेगळा. भलताच दिल्याने अर्ज परत येतात. आठ आणि इंग्रजी बी यांत गल्लत होते, म्हणून हाताने न लिहिता फोटो काढून द्या. पुढे यूएसबी ॲडॉप्टर लावलात तर त्याचा मॅक वेगळा, तो पुन्हा नोंदवावा लागतो.

त्याच यादीत आयपी बघा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर दिवा लागूनही डीएचसीपीकडून (पत्ते आपोआप वाटणाऱ्या यंत्रणेकडून) पत्ता मिळालेला नाही: मॅक नोंदलेला नाही, पोर्ट बंद केलाय किंवा नेटवर्क आधी ओळख मागतंय. वेगळ्याच मालिकेतला पत्ता दिसला तर घरच्या राउटरसाठी कोणी हाताने टाकलेला आयपी आणि डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारा सर्व्हर) तसाच राहिलाय. दोन्ही 'ऑटोमॅटिकली' करा. ब्राउझरमधला जुना प्रॉक्सीही (मधल्या सर्व्हरचा पत्ता) काढा.

पत्ता बरोबर, तरी लॉगिन पान येत नाही? ते पान एचटीटीपीएसवरून आपोआप वळत नाही. ब्राउझरमध्ये एचटीटीपीएस नसलेली नेव्हरएसएसएल डॉट कॉम ही साइट उघडा आणि 'सिक्युअर डीएनएस' तात्पुरतं बंद करा.

काही ठिकाणी पान नसतं, केबललाच युजरनेम-पासवर्ड लागतो. विंडोजमध्ये त्यासाठी 'वायर्ड ऑटोकॉन्फिग' ही सर्व्हिस चालू करावी लागते. ती बंद असेल तर कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'ऑथेंटिकेशन' हा टॅबच दिसत नाही. सर्व्हिस ऑटोमॅटिक करा, टॅबमध्ये पीईएपी निवडा, आत एमएसचॅप व्ही२ च्या 'कॉन्फिगर'मध्ये विंडोजचं लॉगिन आपोआप वापरण्याची टिक काढा. ती राहिली तर पीसी घरचं नाव पाठवत राहतो आणि नकार येत राहतो.

राउटर

एका पोर्टवर दोन मशीनं चालवायला घरचा राउटर आणायचा असेल तर आधी रेक्टरांची परवानगी घ्या, कारण नियम बहुधा नाही म्हणतो. परवानगी मिळाली तरी भिंतीकडून येणारी वायर राउटरच्या 'वॅन' पोर्टलाच (बाहेरचं नेट आत घेणाऱ्या) लावा. चुकून 'लॅन'ला लावली की तुमचा राउटर मजल्याला स्वतःचे १९२.१६८ वाले पत्ते वाटू लागतो आणि शेजाऱ्यांचं नेट जातं.

एवढं करून अडलं तर आयटी विभागाकडे नुसतं 'नेट चालत नाही' असं लिहून देऊ नका. आय/ओ बॉक्सवर छापलेला पोर्ट क्रमांक, मॅक, दिवा लागतो की नाही, मिळालेला आयपी आणि त्याच पोर्टवर दुसरा लॅपटॉप चालला का, हे पाच मुद्दे लिहा. पोर्ट क्रमांक असला की त्यांना रॅकमधली नेमकी पॅच कॉर्ड (तुमच्या पोर्टची जोडवायर) सापडते आणि कोणालाही खोलीपर्यंत यावं लागत नाही.