कचरा डेपोवर माती टाकली म्हणजे डेपो मिटला? या चुका टाळा

मृग तोंडावर आला की फोन सुरू होतात. "कचरा डेपो बंद झालाय, वर मातीही टाकून झालीय, आता पाचशे रोपं लावायचीत. कुठली आणू?" मी विचारतो, कचरा किती खोल आहे, गॅसचे पाइप किती घातलेत, उताराखालच्या विहिरीचं पाणी कधी तपासलं? पलीकडे शांतता. रोपवाटिकेतून टेम्पो मात्र सुटलेला असतो.

सगळ्यात महागात जाते ती मातीची चूक. आपल्याकडे बेळगाव जिल्ह्यात खानापूरच्या बाजूला जांभ्याची तांबडी माती, ती पाणी धरत नाही. पूर्वेला अथणी-सौंदत्तीकडे काळी, ती धरते. मग कुणीतरी हुशारी करतो: पावसाचं पाणी कचऱ्यात उतरू नये ना, काळी आणा, दाबा, झालं. एका तालुक्याच्या गावी मी हे होताना पाहिलं. कंत्राटदार म्हणाला, "साहेब, आमच्या शेततळ्यात याच मातीतून थेंब गळत नाही." खरं होतं, पण शेततळ्यात माती ओली असते. इथे ती उघडी पडली होती. एप्रिलमध्ये तिथे मेंढरं चारणारा एक धनगर मला म्हणाला, "मामा, मेंढराचा पाय जातोय बघा भेगंत." त्याच्या काठीची वीतभर लांबी आत गेली. आठवड्याने वळीव आला, सगळं पाणी भेगांतून थेट कचऱ्यात उतरलं, आणि खालच्या ओढ्याला कोऱ्या चहासारखं काळं पाणी सुटलं. ओढ्याकाठच्या शेतकऱ्याने मला जे सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही.

काळी माती वाईट नाही, तिला उघडी ठेवू नका. 2016 च्या घनकचरा नियमांत थर सांगितले होते: 60 सेंटीमीटर चिकणमातीचा अडथळा, वर 15 सेंटीमीटर निचऱ्याचा थर, त्यावर झाडोऱ्यासाठी 45 सेंटीमीटर माती. अडथळ्यातून पाणी किती हळू जावं? नियमातल्या आकड्याचा हिशेब केला तर वर्षाला साधारण तीन सेंटीमीटर. ट्रॅक्टर दोनदा फिरवून हे साधत नाही. थोड्या ओलीवर, थर पातळ टाकत, रोलरने दाबावं लागतं. तांबडी माती वाया जात नाही, ती वरच्या थराला वापरा. आणि काळीवर वरचे थर त्याच उन्हाळ्यात चढवा, "पावसानंतर बघू" नको.

दुसरी माझी आवडती चूक म्हणजे वनमहोत्सव. वड, पिंपळ, करंज, वर पाहुण्यांच्या नावाची पाटी. मोठ्या झाडाची मुळं अडथळा फोडून कचऱ्यात शिरतात. म्हणून तर त्या नियमांत 30 सेंटीमीटरपेक्षा खोल न जाणारी मुळं मागितली होती. सुबाभूळ आणि अकेशिया लवकर हिरवं दाखवतात म्हणून लावणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय. मी आधी हरळी आणि मारवेल लावतो. वाळा मला आवडतो, पण त्याची मुळं खोल जातात, म्हणून तो पायथ्याला, टोपीबाहेर, म्हणजे या थरांच्या बाहेर.

रोप पिवळं पडलं की नवशिका पाणी वाढवतो. आधी ते उपटून मुळाचा वास घ्या. मूळ काळं आणि सडक्या अंड्याचा वास असेल तर त्याला तहान लागलेली नाही, श्वास मिळत नाही. खालून येणारा मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड मातीतला प्राणवायू ढकलून देतात. तिथे गॅसची वाट आधी करा, रोप नंतर.

बाकी थोडक्यात. गॅसच्या पाइपाला दुर्गंधी नको म्हणून बूच मारू नका. हवेत 5 टक्के मिथेन झाला की ठिणगी पुरते, तिथे बिडी ओढणारेही पाहिलेत. कचरा कुजून खचतो आणि वर डबकी होतात, म्हणून मी रंगवलेल्या खुंट्या ठोकून दर उन्हाळ्यात मोजतो. शेळ्या आत सोडू नका. विहिरीचं पाणी फक्त उद्घाटनाआधी तपासून भागत नाही. मी मे आणि ऑक्टोबरमध्ये तपासतो, उताराच्या वरची विहीर आणि खालची, दोन्ही. वरचीशिवाय खालच्या आकड्याला काही अर्थ नाही.

देखभाल 2016 च्या नियमांत किमान 15 वर्षांची होती. हल्ली एका वर्षाच्या देखभालीचं टेंडर दिसलं की मी बैठकीला जातच नाही.